संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो: पुण्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील घरे, दुकाने, क्लास आणि लहान कार्यालये यांतून एकाच तक्रारीभोवतीचे जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न विंडोज १० आणि ११ यांविषयीचे असल्यामुळे उत्तरेही मुख्यतः त्यांनाच लागू पडतात; लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांनी प्रश्न १६ पाहावा. कोठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल, मात्र प्रश्न २ मधील मोजणी केल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये, ही कळकळीची विनंती आहे.

१. संगणक सुरू व्हायला किती वेळ लागला तर तो 'नॉर्मल' समजायचा?

एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असलेला निरोगी संगणक बटण दाबल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप दाखवतो. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर एक ते दोन मिनिटे लागणे हा बिघाड नव्हे, तो त्या डिस्कचा स्वभाव आहे. मात्र डेस्कटॉप दिसणे आणि काम सुरू करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिन्हे दिसली तरी टॅली किंवा ब्राउझर उघडायला पुढची तीन मिनिटे जात असतील, तर आपल्या दृष्टीने संगणक अजून सुरू झालेलाच नाही. म्हणून वेळ मोजताना रोजचे पहिले काम प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ धरावा.

२. वेळ नेमका कोठे जातो, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

मोबाइलमधील स्टॉपवॉच सुरू करून चार टप्प्यांच्या वेळा कागदावर लिहाव्यात. पहिला टप्पा बटण दाबल्यापासून कंपनीच्या लोगोखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागेपर्यंतचा. या काळात विंडोज अजून जागी झालेली नसते, मदरबोर्डवरील बायोस ही मूळ प्रणाली सुटे भाग तपासत असते. दुसरा टप्पा तेथून पासवर्डच्या पडद्यापर्यंतचा, ज्यात विंडोजचा गाभा, ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारे प्रोग्राम) आणि सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) चढतात. तिसरा पासवर्ड दिल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा, आणि चौथा डेस्कटॉप दिसल्यापासून यंत्र शांत होईपर्यंतचा. पासवर्ड टाइप करण्यात गेलेला आपला स्वतःचा वेळ वजा करावा. ही मोजणी एकदा शटडाउननंतर आणि एकदा रीस्टार्टनंतर करावी. दोन्हींत फरक का पडतो, ते प्रश्न ८ मध्ये सांगितले आहे.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. स्टार्टअपच्या पानावर वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' या नावाखाली पहिल्या टप्प्याचे सेकंद लिहिलेले असतात (फार जुन्या संगणकांवर ही नोंद दिसत नाही). डेस्कटॉप दिसल्यावर लगेच पहिल्या पानावरील 'सीपीयू' (प्रोसेसर) आणि 'डिस्क' हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहावेत. फिरत्या डिस्कच्या यंत्रांवर एक चित्र सारखे दिसते: सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत असतो, आणि डिस्कचा रकाना गडद होऊन शंभर टक्क्यांवर कित्येक मिनिटे चिकटून राहतो. असे दिसले की निदान झाले. प्रश्न ५ कडे वळावे.

अधिक खोलात जायचे असल्यास इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या वाटेने 'ऑपरेशनल' नोंदवही उघडावी. तेथील क्रमांक १०० च्या नोंदीत त्या वेळच्या सुरुवातीचा एकूण कालावधी मिलिसेकंदांत मिळतो, आणि क्रमांक १०१ ते १०३ च्या नोंदी अनुक्रमे उशीर करणारे प्रोग्राम, ड्रायव्हर आणि सेवा यांची नावे देतात.

३. स्टार्टअपच्या यादीतले कोणते प्रोग्राम बंद केले तर चालतात?

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर प्रत्येक प्रोग्रामपुढे त्याचा परिणाम 'हाय', 'मीडियम' किंवा 'लो' असा लिहिलेला असतो. सुरुवातीच्या वेळी एक सेकंदाहून अधिक प्रोसेसर-वेळ किंवा ३ एमबीहून अधिक डिस्कवरील वाचन-लेखन करणाऱ्या प्रोग्रामला विंडोज 'हाय' ठरवते. बंद केल्याने प्रोग्राम पुसला जात नाही, तो फक्त आपोआप सुरू होत नाही. हवा तेव्हा चिन्हावर क्लिक करून उघडता येतो. त्यामुळे येथे धीटपणे वागायला हरकत नाही. गाण्यांची ॲप्स, खेळांचे लाँचर, व्हॉट्सॲप, मीटिंगची ॲप्स, प्रिंटरची 'शाई संपली' सांगणारी खिडकी, ब्राउझरचे आपोआप उघडणे, हे सर्व निःशंक बंद करावे.

काही गोष्टी मात्र विचारपूर्वक हाताळाव्या लागतात. कर सल्लागार आणि सीए यांच्या कार्यालयांत डिजिटल सही करण्याच्या यूएसबी टोकनचे सॉफ्टवेअर यादीत असते. रोज विवरणपत्रे भरणाऱ्या टेबलावर ते चालू असू द्यावे, बाकीच्या टेबलांवर ते गरजेपुरते उघडले तरी भागते. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह बंद केल्यास फायली मेघावर (क्लाउडवर) जाणे थांबते, आणि ही गोष्ट आठवड्यांनंतर लक्षात येते. तेथे आपली बॅकअपची सवय पाहून निर्णय घ्यावा. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाज यांच्या नोंदींना हात लावू नये.

मराठी टायपिंगविषयी वेगळे सांगायला हवे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपी व्यावसायिकांकडे श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टमधील कामांसाठी आवश्यकच असते, तेथे ते सुरुवातीलाच चढू द्यावे. परंतु ज्यांना केवळ युनिकोडमध्ये पत्रे आणि संदेश लिहायचे आहेत, त्यांना वेगळ्या प्रोग्रामची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच आहे, आणि विंडोज १० च्या २०१९ मधील मे महिन्याच्या आवृत्तीपासून उच्चारानुसारी कळफलकही आहे. भाषेच्या सेटिंगमधून तो जोडला की एक प्रोग्राम कमी होतो.

४. एकदा बंद केलेला प्रोग्राम काही दिवसांनी पुन्हा आपोआप सुरू होतो. असे का?

त्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने स्वतःची नोंद पुन्हा घातलेली असते, किंवा तो स्टार्टअप यादीऐवजी सेवा अथवा टास्क शेड्यूलर या मार्गाने येत असतो. प्रथम त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'विंडोजबरोबर सुरू व्हा' अशा अर्थाची खूण काढावी. एवढ्याने न भागल्यास मायक्रोसॉफ्टचेच 'ऑटोरन्स' हे मोफत साधन सर्व मार्ग एकाच ठिकाणी दाखवते. त्यात नोंद पुसू नये, फक्त खूण काढावी. काही बिघडले तर खूण परत करता येते.

५. दुकानदार म्हणतात रॅम वाढवा, मित्र म्हणतो एसएसडी टाका. आधी काय करू?

केवळ सुरू होण्याच्या वेळेचा प्रश्न असेल, तर आधी एसएसडी. कारण साधे आहे. सुरू होताना विंडोजला डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. लॅपटॉपमधील सामान्य हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक फाईलसाठी वाचकसुई योग्य वर्तुळावर नेऊन चकती योग्य जागी येण्याची वाट पाहावी लागत असल्याने अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपासच विखुरलेली वाचने करू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तीच वाचने सेकंदाला हजारोंनी होतात. फिरत्या डिस्कवर विंडोज ११ चालवणे म्हणजे गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याने चारचाकी काढण्यासारखे आहे. इंजिन कितीही ताकदवान असले तरी उपयोग होत नाही.

रॅमचा, म्हणजे चालू प्रोग्राम तात्पुरते ठेवणाऱ्या मेमरीचा, प्रश्न चौथ्या टप्प्यात येतो. ४ जीबी रॅम असेल तर अँटिव्हायरस, सिंक आणि ब्राउझर चढता चढताच ती भरते, आणि विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकू लागते. टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीच्या पाच मिनिटांतच मेमरीचा रकाना ८५ ते ९० टक्क्यांवर जात असेल तर रॅमही वाढवावी, आणि आज ८ जीबी हे किमान मानावे. पण आधीच ८ जीबी असलेल्या यंत्रात ती १६ करून सुरू होण्याचा वेळ जवळजवळ बदलत नाही. तापकीर गल्लीत किंवा टिळक रस्त्यावर खरेदीला जाण्यापूर्वी डिस्क आणि मेमरी या रकान्यांतले हे दोन आकडे कागदावर लिहून न्यावेत. मोजलेले आकडे हातात असले की दुकानातील बोलणे मुद्द्यावर राहते.

६. माझ्या सात-आठ वर्षे जुन्या लॅपटॉपमध्ये कोणती एसएसडी बसेल?

फिरती डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी थेट तिच्या जागी बसते. काहींमध्ये त्याखेरीज एम.टू हा लहान खाचा असतो. परंतु त्या खाच्यात साटा ही जुनी जोडणी चालते, एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणी चालते की दोन्ही, हे मॉडेलनुसार बदलते, आणि पट्टी आत बसली म्हणजे ती चालेलच असे नाही. मॉडेलचे पूर्ण नाव पाहून उत्पादकाच्या पुस्तिकेत खात्री करावी.

साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमईचा कित्येक हजारांपर्यंत जातो. तरीही सुरू होण्याच्या वेळेत या दोहोंतील फरक थोड्या सेकंदांचाच असतो. त्यामुळे केवळ साटाची सोय आहे म्हणून लॅपटॉप बदलू नये. डीव्हीडी ड्राइव्ह असल्यास तो काढून त्या जागी कॅडीमध्ये (त्याच मापाच्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क साठवणीसाठी ठेवता येते. मात्र एसएसडी मुख्य जागीच बसवून घ्यावी, कारण काही जुन्या लॅपटॉपांत डीव्हीडीची जोडणी संथ असते.

७. एसएसडी बसवताना विंडोज नव्याने टाकावी की आहे तशी क्लोन करावी?

यंत्र अनेक वर्षे वापरात असेल आणि परवान्याचे प्रोग्राम थोडे असतील तर नव्याने टाकणे चांगले. परंतु टॅली, जुने डीटीपी सॉफ्टवेअर, टोकनची जुळवणी असे सर्व बसलेले असेल तर क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, करणे अधिक सुरक्षित आहे. 'क्लोनझिला' हे मोफत साधन आहे, आणि अनेक एसएसडी उत्पादक स्वतःचेही देतात. नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल तर आधी विभाजन (पार्टिशन) आक्रसून घ्यावे लागते. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क बाहेर काढून पहिली सुरुवात करावी, म्हणजे संगणक नेमका कोणत्या डिस्कवरून उठला याबद्दल संशय राहत नाही. जुनी डिस्क खराब होत चालली असल्याची शंका असेल तर क्लोन करण्याआधी प्रश्न १४ वाचावा.

८. 'फास्ट स्टार्टअप' चालू ठेवावा की बंद? आणि रीस्टार्टला शटडाउनपेक्षा जास्त वेळ का लागतो?

विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून आलेल्या या सोयीत शटडाउन करताना आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही पहिल्यापासून चढवले जाते. म्हणूनच रीस्टार्टला अधिक वेळ लागतो, आणि म्हणूनच रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' पुढे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. त्यात काहीही गैर नाही.

फिरती डिस्क असेल तर ही सोय चालू ठेवावी. तिचा फायदा तेथे स्पष्ट जाणवतो. एसएसडीवर फरक थोड्या सेकंदांचा असल्याने पुढील त्रास होत असल्यास ती बंद करायला हरकत नाही: शटडाउननंतर वाय-फाय किंवा ब्लूटूथ सापडत नाही पण रीस्टार्ट केल्यावर सापडते, संगणक बंद केल्यावर पुन्हा आपणहून सुरू होतो, किंवा त्याच यंत्रावर लिनक्सही आहे. शेवटच्या स्थितीत विंडोजचे विभाजन अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्स ते केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडायलाच नकार देते. ही सोय कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण काय करते' या पानावर आहे. ती कायमची बंद न करता एखाद्या वेळी पूर्ण शटडाउन हवा असल्यास शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करावे.

९. रोज शटडाउन करण्याऐवजी स्लीपमध्ये ठेवले तर चालेल का?

लॅपटॉपसाठी चालते, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावा म्हणजे अपडेट पूर्ण होतात. डेस्कटॉपच्या बाबतीत यूपीएस नसेल तर स्लीपची सवय ठेवू नये. स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्ये असते, आणि गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज गेली की ते नाहीसे होते. अशा घरी हायबरनेट हा पर्याय योग्य आहे, कारण त्यात सर्व काही डिस्कवर लिहिले जाते.

१०. कंपनीच्या लोगोवरच संगणक अर्धा-एक मिनिट अडकतो. विंडोज फॉरमॅट मारू का?

मारू नये. हा पहिला टप्पा आहे, आणि विंडोजचा येथे संबंध नाही. प्रथम पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क, कार्ड रीडर, प्रिंटर अशी सर्व यूएसबी उपकरणे काढून सुरू करून पाहावे. अनेकदा बायोस त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम शोधत बसलेली असते. मग बायोसमध्ये विंडोज असलेली डिस्क क्रमात पहिली आणावी, नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय बंद करावा आणि 'फास्ट बूट' असल्यास चालू करावे. बायोसमध्ये जाण्यापूर्वी प्रश्न ११ अवश्य वाचावा.

वीज गेल्यानंतर प्रत्येक वेळी तारीख मागे जाऊन एफ-वन दाबायला सांगणारा संदेश येत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती स्वस्त आहे आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपल्यावर बायोस आपली सेटिंग विसरते आणि प्रत्येक वेळी सर्व तपासणी नव्याने करते.

याच्या अगदी उलट, नव्याकोऱ्या महाग डेस्कटॉपवरही हीच तक्रार येते. डीडीआर ५ रॅम असलेले मदरबोर्ड रॅमशी वेग जुळवून घेण्यासाठी 'मेमरी ट्रेनिंग' करतात. रॅम बसवल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, आणि घाबरून मध्येच वीज बंद केली की ते सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एएमडीच्या एएम ५ मदरबोर्डांवर हे रोजच होत असेल तर बायोस अद्ययावत करून 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' हा पर्याय पाहावा. तो चालू केल्यानंतर संगणक अस्थिर वाटू लागला तर मात्र लगेच बंद करावा.

११. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी की मागते आहे. काय करू?

आपली डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या सोयीने, कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांवर हे आपोआप चालू होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ही की बहुधा त्याच खात्यात जतन झालेली असते. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून खात्याच्या संकेतस्थळावर लॉगइन करून ती पाहता येते. ती कोठेच जतन नसेल तर डिस्कवरील माहिती कोणताही तंत्रज्ञ परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी ही की शोधून कागदावर उतरवून ठेवावी आणि विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. बायोसमधील साटा जोडणीचा प्रकार (एएचसीआय किंवा रेड) तर बदलूच नये. त्याने वेग वाढत नाही, उलट विंडोज उठत नाही.

१२. कार्यालयातील संगणक पासवर्ड दिल्यानंतरच अडकतो. घरी नेलेला तोच लॅपटॉप तर आणखी रेंगाळतो.

हे तिसऱ्या टप्प्याचे दुखणे आहे, आणि बहुतेक वेळा कारण जोडून ठेवलेला नेटवर्क ड्राइव्ह असतो. सर्व्हर बंद असला किंवा लॅपटॉप घरच्या वाय-फायवर असला तरी विंडोज त्याला हाका मारत राहते आणि उत्तराची वाट पाहते. सदाशिव पेठेतील एका कर सल्लागार कार्यालयात सगळ्या टेबलांवर हीच तक्रार होती. 'दिस पीसी' उघडल्यावर तेथे तांबडी फुली असलेला एक ड्राइव्ह दिसत होता, आणि तो ज्या जुन्या संगणकाकडे बोट दाखवत होता तो केव्हाच भंगारात गेला होता. उजव्या क्लिकने तो तोडताच प्रत्येक टेबलावरचा खोळंबा संपला. अशाच रीतीने आता अस्तित्वात नसलेले नेटवर्क प्रिंटरही काढून टाकावेत. कंपनीच्या डोमेनमध्ये (मध्यवर्ती नियंत्रणाखालील जाळ्यात) असलेल्या संगणकावर मात्र असे बदल आयटी विभागाला विचारूनच करावेत.

१३. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर किंवा एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवणे, याने फरक पडतो का?

नाही. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग साधनातील प्रोसेसरची संख्या ही मर्यादा आहे. ती खूण नसताना विंडोज सर्व प्रोसेसर वापरतेच. चुकून कमी आकडा निवडला गेला तर तो बदलेपर्यंत संगणक मंद राहतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि बूस्टर स्वतःच स्टार्टअप यादीत 'हाय' परिणामासह जाऊन बसतो. प्रीफेच फोल्डर रिकामे केल्याने पुढची सुरुवात उलट लांबते, कारण विंडोजला ती माहिती पुन्हा गोळा करावी लागते. एसएसडी डीफ्रॅग करण्याचीही (विखुरलेल्या फायली सलग लावण्याचीही) गरज नाही. विंडोज तिच्यासाठी योग्य ती ट्रिम प्रक्रिया आपोआप चालवते. विकत घेतलेले दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर मात्र त्यातील एक आजच काढावा.

१४. संगणक काल-परवापर्यंत ठीक होता. अचानक सुरू व्हायला दहा मिनिटे लागू लागली आणि टकटक आवाज येतो.

येथे वेग वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी आपल्या फायली वाचवाव्यात. मंदपणा हळूहळू वाढला तर तो बहुधा प्रोग्रामांचा असतो. अचानक आलेला मंदपणा आणि आवाज एकत्र आले तर हार्ड डिस्क निकामी होत असते. एकच भाग पुन्हा पुन्हा वाचण्याच्या प्रयत्नात ती वेळ घालवते. संगणक सुरू होत असेल तर सर्वांत मोलाच्या फायली (फोटो, हिशेब, प्रबंध) प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. स्कॅन, डीफ्रॅग किंवा फॉरमॅट यांपैकी काहीही चालवू नये, कारण त्या श्रमांत डिस्क पूर्ण बंद पडू शकते. बॅकअप हाती आल्यावर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या मोफत साधनात डिस्कचे आरोग्य पाहावे. 'रीॲलोकेटेड' किंवा 'करंट पेंडिंग' सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलावी. बॅकअप नसताना टकटक चालूच असेल तर संगणक बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्यावा.

आवाज नसेल आणि आदल्या दिवशी मोठे अपडेट झाले असेल, तर एक-दोन रीस्टार्ट होऊ द्यावेत. अपडेटनंतरची पहिली सुरुवात नेहमीच लांबते.

१५. माझ्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, आणि १० चा पाठिंबा संपला. त्यावर एसएसडीचा खर्च करावा का?

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच अधिकृत यादीत आहेत. नियमांना वळसा घालून ११ बसवता येते, पण पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे आणि कराचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात, त्यावर आम्ही हा मार्ग सुचवत नाही. मात्र एसएसडी वाया जात नाही. तीच एसएसडी लिनक्स मिंटसारख्या प्रणालीखाली त्या यंत्राला पुढची काही वर्षे देऊ शकते, आणि अडीच इंची एसएसडी उद्या यूएसबी खोक्यात घालून बॅकअपसाठीही वापरता येते. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार आणि वाचन एवढेच काम असेल तर यंत्र भंगारात देण्याआधी हा प्रयोग जरूर करावा.

१६. लिनक्स आणि मॅकवर हेच कसे तपासायचे?

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, लॉगइन आयटम्स या वाटेने आपोआप उघडणाऱ्या ॲप्सची यादी मिळते. अनावश्यक ती काढावीत. प्रश्न ५ मधील डिस्कचा मुद्दा फिरती डिस्क असलेल्या जुन्या मॅकनाही तितकाच लागू आहे.

सिस्टिमडी (सेवा सुरू करणारी प्रणाली) वापरणाऱ्या लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'सिस्टिमडी-ॲनालाइझ' ही आज्ञा बायोस, गाभा आणि सेवा यांचे सेकंद वेगवेगळे दाखवते. तिला 'ब्लेम' जोडले की सेवांची यादी वेळेच्या उतरत्या क्रमाने येते. ही यादी जपून वाचावी. नेटवर्क जुळण्याची वाट पाहणारी सेवा तेथे अनेकदा सर्वांत वर दिसते, पण ती इतर कामांना समांतर चालत असल्याने तिच्यामुळे डेस्कटॉप अडलाच असेल असे नाही. खरोखर कोणती सेवा पुढच्यांना रोखून धरते, हे 'क्रिटिकल-चेन' जोडून दिलेल्या आज्ञेत दिसते, आणि बंद करण्याचा निर्णय त्या यादीवरूनच घ्यावा.